दोनदा ऐकलेला डायलॉग

"वादळ उठलं का जी?" मंजूनं स्वयंपाकखोलीतूनच विचारलं.

शालीकरामनं समोरच्या खोलीत डोकावून पाहिलं. वादळ उताणं पडलेलं होतं. तोंड उघडं, एक पाय खाटेच्या खाली लोंबकळत होता, केसांची काळी डाय उशीच्या खोळीला लागलेली.

"नाही उठलं."

"मंग दोनच कप चाय मांडतो. सकाळी सकाळी गॅस जाळून नाही राहत मी त्याच्यासाठी."

वादळ म्हणजे जागेश्वर कापगते. शालीकरामनं त्याच्यावर कादंबरी लिहिली, तिला नाव दिलं 'जागेशकुमार: एक वादळ', आणि त्या दिवसापासून मंजूनं त्या माणसाला दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. वादळाले भाजीत मीठ कमी लागते. वादळानं बाथरूमचा नळ सुरूच ठेवला. वादळाची साखरेची गोळी संपली, घेऊन या.

दोन वर्षं झाली होती या गोष्टीला. बल्लारशा पॅसेंजरमधून एक बॅग घेऊन जागेश्वर अर्जुनीच्या स्टेशनावर उतरला. तिथून नऊ किलोमीटरवर त्याचं गाव, कवठाटोला. गावात त्याचं घर, घरात त्याची बायको. ऑटोवाला म्हणाला, चला हिरोभाऊ, सोडून देतो. जागेश्वरनं ऑटो उलट्या दिशेला वळवायला लावला आणि शालीकरामच्या शिलाईच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला.

"शालीक, दोन दिवस राहू दे."

तेव्हापासून दोन दिवस काही संपले नव्हते.

मंजू वाईट बाई नव्हती. पहिले सहा महिने तिनं त्याला पाहुण्यासारखं ठेवलं. शेजारणी त्याला पाहायला यायच्या, तिला तेही आवडायचं. मग शेजारणी यायच्या बंद झाल्या, आणि माणूस तेवढा राहिला. आता ती थकली होती. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, तेव्हा कादंबरी छापून निघायची होती. काल रात्री तिनं भाकर थापता थापता, आवाज न चढवता सांगून टाकलं होतं, "तुमची कादंबरी मंडईले निघो का नाही निघो. मंडईच्या पहिले माणूस निघाला पाहिजे. माया भाऊ येते भाऊबीजेले. त्याले कुठं झोपवू? वादळापाशी?"

यात चूक काढायला शालीकरामला जागा नव्हती. खरं सांगायचं तर तोही थकला होता. फक्त त्याला ते बोलता येत नव्हतं. दुसऱ्याचं बोलणं सांगायचं असतं तर त्यानं घडाघडा सांगितलं असतं.

कारण त्याचा धंदाच तो. दिवसा शिलाई, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन लागला की प्रॉम्प्टर. आपल्याकडं नाटक म्हटलं की तालमी कमी आणि प्रयोग जास्त. आज एका गावात, उद्या दुसऱ्या. नटाला पाठ करायला टाइम कुठून मिळणार? म्हणून विंगेत, पडद्याच्या आड, एक माणूस वही घेऊन बसतो. प्रत्येक वाक्य आधी तो बोलतो. भराभर, सपाट, रेशन दुकानात नावं वाचल्यासारखं. नट ते कानानं उचलतो आणि त्यात जीव घालून लोकांना देतो. शालीकराम कोरडं बोलायचा, जागेश्वर ते भिजवून द्यायचा. अकरा सीझन दोघांची अशी जोडी चालली. जवळच्या प्रतापगडच्या जत्रेत जागेश्वरनं मेलेल्या लेकराच्या बापाचं काम केलं तेव्हा बायांनी पदर तोंडात कोंबले होते. शालीकरामला तेव्हा सर्दी झालेली. त्यानं शिंका दाबत दाबत ते सगळं दुःख सांगितलं होतं.

मग रायपूरहून कोणी आलं, जागेश्वरला पाहिलं आणि घेऊन गेलं. छत्तीसगढी पिक्चरचा तेव्हा जोर होता. जागेश्वरचा जागेशकुमार झाला. पहिलाच पिक्चर राजनांदगाव, डोंगरगढला शंभर दिवस चालला. त्यात तो बैलगाडीवर उभा राहून नाचला होता. अजूनही गोंदियाच्या बाजारात कोणी म्हातारा त्याला ओळखतो आणि हात वर करून तसं नाचून दाखवतो. डायलॉग मात्र तिथंही त्याच्या लक्षात राहायचे नाहीत. कॅमेऱ्याच्या मागं एक माणूस उभा करावा लागायचा. शालीकरामला हे कळलं तेव्हा त्याला, आपल्या जागी दुसऱ्याला बसवलं म्हणून, थोडं वाईट वाटलं होतं.

घरी रुख्मा होती. तीन वर्षांची पोर होती, आचल. दोन महिन्यांनी नेतो म्हणाला होता. नेलं नाही. रायपूरला हिरोईन पुष्पांजली होती, तिच्यासोबत सहा वर्षं राहिला. तिनं कॅमेरावाल्याशी लग्न केलं. मग लग्नाच्या लॉनवाली एक मॅडम होती, तिनं लॉनच्या मागची खोली दिली आणि एक दिवस त्याच खोलीतून सामान बाहेर काढलं. मधल्या जागा दारूनं भरल्या. पिक्चर संपले, मग अल्बम आले, मग प्रचारसभेत कोणाच्याही बाजूला उभं राहून हात हलवायचं काम, मग तेही नाही.

हे सगळं कादंबरीत होतं. अकरा लाँगबुकं. शालीकरामनं लपवलं काहीच नाही. दारू आहे, पुष्पांजली आहे, मॅडम आहे, मॅडमची गाडी ठोकलेलं झाड आहे. फक्त तेराव्या प्रकरणात आणि शेवटच्या प्रकरणात त्यानं जरा हात चालवला होता. तेराव्यात हिरोचा जीव पोरीसाठी तुटतो. शेवटच्यात हिरो घरी जातो आणि बायको दार उघडते. असं लिहिलं की असं होईल, असं त्याला वाटत होतं. निदान रुख्मानं वाचलं तर तिच्या मनात येईल तरी. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्यानं सगळ्या वह्या पिशवीत घालून आचलच्या हाती दिल्या होत्या. आचल आता अर्जुनीच्याच दवाखान्यात नर्स होती. बाप रस्त्यात दिसला तर ती मान हलवायची, थांबायची नाही.

काल संध्याकाळी तिचा फोन आला.

"काका, आईनं सांगलन, बुक लिहिनारा अन् बुकातला, दोघंही या. उद्या दहा वाजता. घरी नोका येऊ, तलावाच्या पाळीवर या. तिले पानी सोडाचं हाये."

"वाचलं का तिनं?"

"मी वाचून दाखवलं. सगळं."

"काय म्हनली?"

"काही नाही म्हनली. तेराव्याले दोनदा वाचाले लावलन."

दोनदा. शालीकराम त्या शब्दावर रात्रभर तरंगत होता.

जागेश्वर साडेआठला उठला. आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, काळा चष्मा लावला. आरशात पाहून चष्मा काढला, परत लावला. मंजूनं त्याच्यापुढं चहा ठेवला. आज तिनं त्यात साखर टाकली होती, एक चमचा. त्यानं घोट घेतला आणि तिच्याकडं पाहिलं.

"वयनी, आज गोड?"

"प्या. चांगल्या कामाले जाऊन राहिले." ती आत गेली आणि जाता जाता म्हणाली, "बॅग घेऊन जा. लागली तं असू द्या सोबत."

मोटरसायकलवर जागेश्वर मागं बसला, मांडीवर बॅग. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी भारी, उशिरा पिकणारं धान उभं होतं, लोंब्या भरत होत्या, शेवटच्या पाण्याची वाट पाहत होतं. हलक्या धानाची कापणी कुठं कुठं सुरू झालेली. नवेगावकडचा फाटा गेल्यावर जागेश्वरनं शालीकरामच्या खांद्याला हात लावला.

"पहिला शब्द काय हाये?"

"रुख्मा."

"ते तं मले माहीत हाये गा. त्याच्या पुढं?"

"'रुख्मा, मी तुया गुन्हेगार हाव. दुनियेनं मले हिरो म्हनलन, पन तुया उंबरठ्यावर मी भिकारी हाव.' मंग थोडं थांबजो. मंग, 'एक रातही अशी नाही गेली का तुई याद नाही आली.'"

"लंबा हाये."

"तीनच वाक्यं हायेत, जागेश."

"मले दम लागते आता." मग थोड्या वेळानं, "तू मांगं उभा राहाशीन ना?"

"राहीन."

"लय दूर नोको राहू. डाव्या कानानं कमी ऐकू येते मले."

कवठाटोल्याचा तलाव मोठा नाही, पण जुना आहे. कापगत्यांच्या कोण्या पणजोबानं बांधला म्हणतात, आणि तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीच्या माणसाला दुसरं काही नसलं तरी तलावाचा मान असतो. पाळीवर मोहाची झाडं, मध्यावर पाणी सोडायचं तुडूम, तिथून कालवा निघून धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत जातो. कोणत्या बांधीला कधी पाणी हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. कवठाटोल्यात ते काम आधी जागेश्वरच्या बापाकडं होतं. बाप गेला तेव्हा पोरगा रायपुरात नाचत होता. गावानं सहा महिने वाट पाहिली आणि मग रुख्माला म्हटलं, तुले जमते का पाह्य. तिला जमलं. बावीस वर्षं झाली. भांडणं तीच सोडवायची, शिव्याही तीच खायची आणि तीच द्यायची.

ती तुडुमापाशी बसली होती. लुगडं वर खोचलेलं, डोक्याला दुपट्टा, बाजूला फावडा. वह्यांची पिशवी मोहाच्या फांदीला लटकवलेली. सत्तावन्न वर्षांची बाई, पण उन्हानं तिला त्याहून जास्त दिवस राबवलेलं दिसत होतं.

"या शालीकभाऊ. मंजूबाई बरी हाये?"

"बरी हाये."

"तिचं वजन कमी झालं म्हन्ते आचल." मग तिनं जागेश्वरकडं पाहिलं. वरून खाली, बॅगेपर्यंत. "बसा. चष्मा काढा, इथं कोनी फोटो नाही काढत."

जागेश्वरनं चष्मा काढला. बसला मात्र नाही. तो तिच्यासमोर उभा राहिला, एक पाय थोडा पुढं, छाती थोडी वर. शालीकरामला ती उभं राहायची पद्धत माहीत होती. तिसऱ्या अंकाची. तो गुपचूप दोन पावलं मागं सरकून मोहाच्या झाडाला टेकला.

"रुख्मा," जागेश्वर म्हणाला.

आवाज अजून तोच होता. पाळीवर बसलेले दोन बगळे उडाले.

आणि मग काहीच नाही. तो उभा होता. डोळे तिच्याकडं, कान मागं.

शालीकरामच्या तोंडून आपोआप निघालं, भराभर, सपाट, "मी तुया गुन्हेगार हाव दुनियेनं मले हिरो म्हनलन."

"मी तुया गुन्हेगार हाव," जागेश्वरनं उचललं. "दुनियेनं मले..."

"शालीकभाऊ," रुख्मा म्हणाली. "तुमी इकडं या. माया बाजूले बसा. असं समोर."

तो गेला. दुसरं काय करणार. तिच्याशेजारी मातीवर बसला, जागेश्वर दोघांसमोर उभा.

"माया लग्नाले वर्ष नव्हतं झालं तेव्हाची गोष्ट सांगतो तुमाले," ती म्हणाली. ती भांडत नव्हती. बांधीचं नाव सांगावं तशी, जागेश्वरकडं हात करून सांगत होती. "यायचं नाटक गावोगाव चाले. मी सासूसोबत बैलबंडीत बसून जावो. बायाइची जागा डाव्या बाजूले राहे, तुमच्या विंगेले लागून. तं मले यायचा प्रत्येक डायलॉग दोनदा ऐकू ये. पहिले तुमचा, मंग यायचा. पहिल्या नाटकात मले समजलंच नाही, हा कोन बोलून राहिला म्हनून. मंग समजलं. घरी हे गोड बोलत तं मी वाट पाहो, पहिले कोन बोलला म्हनून."

जागेश्वर हसला. थोडंसंच. शालीकराम नाही हसला.

"तुमचं बुक चांगलं हाये," रुख्मानं फांदीवरची पिशवी काढून मांडीवर घेतली. "दारूचं खरं हाये. त्या पुष्पांजलीचं खरं असंन, मी काय पाहाले गेलो नव्हतो. मॅडमच्या गाडीच्या जागी तं मी हासलो. पन हे तेरावं." तिनं सुतळीची खूण लावलेली वही बरोबर काढली. तिला वाचता येत नव्हतं, पान मात्र सापडलं. "इथं कचारगडचं लिहिलं तुमी. सांगा काय लिहिलं ते."

शालीकरामला ते पाठ होतं. त्याच्याच हाताचं होतं. पिक्चरचं शूटिंग सालेकशाकडं, कचारगडच्या डोंगराखाली. गर्दीत एक बाई आणि दहा वर्षांची पोर. हिरो पोरीला पाहतो. ओळखतो. पण पुष्पांजली बाजूला आहे, दुनिया पाहते आहे. तो डोळ्यांतलं पाणी लपवून पोरीच्या वहीवर सही करतो आणि तोंड फिरवतो. त्या रात्री तो जेवत नाही. छापखान्यातला पोरगाही म्हणाला होता, काका, हे पान लय भारी आहे.

"तुमी होते का तिथं?" रुख्मानं विचारलं.

"नाही."

"मी होतो. अर्जुनीहून गोंदिया, गोंदियाहून सालेकसा, तिथून जीपमंधी. पोरीले नवीन फ्रॉक घेतला होता. चार घंटे उन्हात उभे राहिलो. मले वाटलं जवळ गेलं का मानूस ओळखते. आचल गेली. यायनं विचारलन, बेटी तेरा नाम क्या है. ती म्हनली आचल. यायनं लिहिलन, 'प्यारी आचल को, जागेशकुमार.' अन् दुसऱ्या पोराची वही घेतलन." तिनं वही बंद केली. "तो कागद मी नाही ठेवला. पोरीनं ठेवला. अजून हाये तिच्यापाशी."

तिनं वही पिशवीत घातली.

"आता मले एकच गोष्ट पाहिजे," ती जागेश्वरला म्हणाली. "माफीगिफी राहू द्या. तुमी तिले ओळखलं होतं का नव्हतं?"

जागेश्वरनं शालीकरामकडं पाहिलं.

लिहिताना शालीकरामनं त्याला हेच विचारलं होतं, समोरच्या खोलीत, खाटेवर. तो म्हणाला होता, भीड लय होती गा, आठवत नाही, तुले जे बरं वाटते ते लिही. आणि शालीकरामनं बरं वाटलं ते लिहिलं.

आता शालीकराम त्याच्यासमोर बसला होता आणि शालीकरामचेच ओठ हलत होते. त्याला थांबवता येत नव्हते. आवाज नव्हता, नुसते ओठ. ओळखलं होतं. दोनच शब्द. एवढे उचल आणि घरी जा, जागेश. उंबरठा सापडेल, खाट सापडेल, मंजूचा भाऊ समोरच्या खोलीत झोपेल. ओळखलं होतं, म्हण.

जागेश्वर त्या ओठांकडं पाहत राहिला. अकरा सीझन पाहिले होते त्यानं ते. त्याला ते वाचता आले नाहीत असं म्हणायला जागा नाही.

"नाही," तो म्हणाला.

हा आवाज वेगळाच होता. बारीक, म्हाताऱ्या माणसाचा. बगळे असते तर हललेही नसते.

"नाही ओळखलं. नावही ऐकलं अन् नाही ओळखलं. मले भूक लागली होती तेव्हा. जेवनाची गाडी आली होती, माया ध्यान तिकडं होतं." तो थांबला. मग खाली बसला, पांढऱ्या शर्टासकट, मातीत. "शालीकनं लिहिलं ते मी वाचलं तं मले वाटलं, असंही असू शकते. दोन-तीन वेळा वाचलं तं मले आठवाले लागलं, तसंच झालं म्हनून."

रुख्मानं तलावाकडं तोंड फिरवलं. शालीकरामला वाटलं, संपलं. बॅग परत मांडीवर, परत तीच खाट. तो मनातल्या मनात मंजूला काय सांगायचं ते जुळवायला लागला आणि पहिलंच वाक्य जुळेना.

मग रुख्मा उठली. लुगडं झटकलं.

"बकारामबुवा तापानं पडून हायेत," ती म्हणाली. "शेंड्याच्या बांधीवर बसाले मानूस नाही मले."

शालीकरामला हे समजावून सांगावं लागत नव्हतं, पण ज्याला माहीत नाही त्यानं ऐकावं. कवठाटोल्याचा नेम असा, की पहिलं पाणी सगळ्यात दूरच्या बांधीला. तिथं पोचलं की मग अलीकडची, मग त्याच्या अलीकडची. नाही तर तुडुमाजवळचे लोक सगळं पिऊन घेतात. म्हणून शेंड्यावर एक माणूस बसवतात, पाणी आलं की त्यानं हाक द्यायची. फोनही करता आला असता, पण त्या खोलगटात टॉवर पकडत नाही.

"जागा माहीत हाये ना? का तेही भुलले?"

"माहीत हाये. बोराचं झाड."

"झाड नाही आता. विजेचा खांब हाये. तिथं बसा. पानी आलं का 'पानी आलं' म्हना. एवढंच. इथपर्यंत आवाज आला पाहिजे. बाकी काही येत नसंन तं आवाज तं हाये."

जागेश्वर उठला. बॅग तिथंच ठेवून धुऱ्याधुऱ्यानं, शेताच्या बांधावरून निघाला. पांढरा शर्ट धानात लहान लहान होत गेला. पाय जपून टाकत होता, एका जागी पडता पडता राहिला. रुख्मानं तुडुमाचा खुंटा ओढला, पाणी कालव्यात सुटलं.

मग दोघं बसून राहिले. पाणी पोचायला घंटाभर लागतो. रुख्मानं डबा उघडून त्याला अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा दिला. त्यानं खाल्लं.

"बुकाचं काय करू?" त्यानं विचारलं.

"तुमचं हाये, तुमी पाहा. पन तेराव्यात पोरीले खोटं नोका सांगू. तिनं मले वाचून दाखवलन तेव्हा त्या पानावर तिचा आवाज बदलला. तिले ते खरं वाटाले लागलं होतं, यायच्यासारखंच. मंग आम्ही दोघी जेवलो नाही."

शालीकरामनं वह्यांची पिशवी आपल्याकडं ओढली.

घंटा झाला. सव्वा घंटा. हाक आली नाही. रुख्मा उठून उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून पाहायला लागली. शालीकरामच्या लक्षात आलं, आपण पुटपुटतो आहोत. पानी आलं. पानी आलं. पानी आलं. अर्ध्या किलोमीटरवरच्या बहिऱ्या कानाला.

"राहू द्या जी," रुख्मा त्याच्याकडं न पाहता म्हणाली.

त्यानं ओठ मिटले.

तेवढ्यात धुऱ्यावर शर्ट दिसला. आता तो पांढरा नव्हता. जागेश्वर येत होता. चपला हातात, गुडघ्यापर्यंत चिखल, चालताना थांबून थांबून दम घेत. पाळीवर चढायला त्याला शालीकरामनं हात दिला.

"पानी नाही आलं," तो म्हणाला.

"मंग आवाज काऊन नाही देल्ला?" रुख्मा म्हणाली.

"आलं तं 'आलं' म्हन, असं सांगलं होतंस. नाही आलं तं काय म्हनाचं, ते नाही सांगलं." त्याला दम पुरत नव्हता. "मी बसलो. पाहिलं. नाही येऊन राहिलं. मंग मी कालव्यानं उलटा चालत आलो. टिकारामच्या बांधीपाशी धुरा फुटला हाये. सगळं पानी तिकडं जाऊन राहिलं. का त्यानं फोडला, माहीत नाही. मी मातीचे दोन गोटे टाकले, पन थांबत नाही. हातानं नाही होत."

रुख्मानं त्याच्या हातांकडं पाहिलं. नखांत चिखल, एका बोटातून रक्त. तिच्या तोंडावर काही आलं, शालीकरामला ते नीट ओळखता आलं नाही. हसू म्हणावं इतकं ते नव्हतं.

"फोडलाच असंन त्यानं," ती म्हणाली. "दरवर्षी फोडते मेला. चाला, दाखवा." तिनं फावडा उचलला, दोन पावलं गेली, मग थांबून तो जागेश्वरच्या हातात दिला. "हे धरा. साखरेचा मानूस तुमी, बोटाले माती नोका लागू देऊ. तिथं काही होऊन बसलं तं आचलले सांगाव लागंन."

"मंग बॅग?" जागेश्वरनं विचारलं.

"राहू द्या तिथं. चोर नाही येत. आज जेवाचं जेवून घ्या. राहाचं मंग पाहू. घर पोरीचंही हाये, तिले विचाराव लागंन. ती नाही म्हनली तं नाही."

"हव," जागेश्वर म्हणाला.

ती दोघं धुऱ्यावरून निघाली. ती पुढं, तो मागं, फावडा खांद्यावर. तो तिला काही तरी सांगत होता, हात हलवून, बहुतेक पाणी कुठून फुटलं ते. शालीकरामला ऐकू येत नव्हतं. त्यानं ऐकायचा प्रयत्नही केला नाही. वह्यांची पिशवी हँडलला अडकवली आणि निघाला.

घरी पोचला तेव्हा मंजू दारातच उभी होती. मागची सीट पाहिली, रिकामी.

"कुठं टाकून आले?"

"पाळीवर."

"घेतलन का तिनं?"

"जेवाले घेतलन. राहाचं आचल ठरवते."

"परत आला तं?"

"आला तं आला."

मंजूनं आत जाऊन पाणी आणलं.

शालीकराम दुकानात बसला. तेराव्या प्रकरणाची वही काढली, सुतळीची खूण सोडली आणि शिलाईची मोठी कात्री घेतली. कापड कापावं तशी चार पानं सरळ कापली, शिवणीपाशी जराशी कोर सोडून. मग पेन घेऊन कोऱ्या पानावर बसला. बराच वेळ बसला. एवढी वर्षं त्या माणसाच्या आधी बोललो, आता त्याच्यानंतर लिहायचं, हे कसं करतात ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं लिहिलं, 'मला भूक लागली होती.' पुढं काही सुचेना.

"लिहाले बसले का जी?" मंजू समोरच्या खोलीतून म्हणाली. चादर ओढल्याचा आवाज आला, मग उशी आपटल्याचा. "ते मंग लिहा. पहिले खाट बाहेर काढू लागा. उन्हात टाकाव लागंन. डायचा वास येऊन राहिला."

त्यानं पेनाला टोपण लावलं आणि उठला.